लो गिअर, मोकळी चाके

मराठी साहित्यात यंत्र आले ते बहुधा प्रतीक होऊनच आले. मर्ढेकरांच्या कवितेत ते एका युगाची खूण म्हणून येते. ग्रामीण कथेत जीप आली की धुरळा उडतो आणि त्या धुरळ्यातून साहेब, पुढारी किंवा फौजदार उतरतो. जीप म्हणजे सत्तेची चाहूल, एवढे वाचकाला कळले की लेखकाचे काम संपते. ती चढ कशी चढते, चालक कोणता दांडा केव्हा ओढतो, हे सांगण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. नारायण सुर्वे यांच्यासारखे सन्माननीय अपवाद आहेत, पण अपवादच. आपल्याकडे यंत्राचा अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत, यंत्राचे काम सांगणारे थोडे.

हे जाणवण्याला एक घरगुती कारण आहे. कन्नड तालुक्यातल्या माझ्या मामांकडे एक जुनी महिंद्र जीप होती. तिचे कूळ सर्वांना ठाऊक आहे. 1945 साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी 1948 मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि त्याच सुमारास तिने मुंबईत अमेरिकन विलिस जीपची जुळणी सुरू केली. युद्धासाठी घडवलेली ही गाडी आपल्याकडे शेतात, जंगलखात्यात, पाटबंधाऱ्यांच्या कामावर आणि लग्नाच्या वऱ्हाडात पुढे कित्येक दशके राबत राहिली. मामांची जीप 2013च्या उन्हाळ्यात पाणी वाहत होती. मराठवाड्याच्या त्या दुष्काळात सरकारी टँकर गावाला अपुरा पडे. मामा दोन कोसांवरच्या एका विहिरीचे पाणी हजार लिटरच्या टाकीत भरत आणि ती टाकी बसवलेली ट्रॉली जीपमागे जोडून गावात आणत. हजार लिटर म्हणजे पाण्याचेच एक टन ओझे, जवळजवळ जीपच्या स्वतःच्या वजनाइतके.

अडचण रस्त्यावर नव्हती, शेवटच्या पन्नास पावलांत होती. गावातली गल्ली सिमेंटची, चढाची आणि अरुंद. सार्वजनिक हौदापाशी ट्रॉली न्यायची तर ती उलटी, वळण घेत, इंचाइंचाने ढकलावी लागे. नेहमीच्या गिअरमध्ये जीप त्या कामाला फार वेगाने मागे जाई. वेग आवरायचा तर क्लच अर्धा दाबून धरावा लागे आणि दोन खेपांत क्लचप्लेट जळाल्याचा वास गल्लीभर पसरे. उपाय उघड होता : लो गिअर. जुन्या जीपमध्ये मुख्य गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिच्यातून शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटली जाते आणि तिथेच वेग कमी करून जोर वाढवण्याची सोयही असते. विलिसच्या सीजे-3बी या मॉडेलात हे प्रमाण सुमारे 2.46 आहे. पहिला गिअर सुमारे 2.8, मागच्या हाउसिंगमधले दात 5.38, त्यांचा गुणाकार होतो सुमारे 15. त्यात लो मिळवला की तो 37वर जातो. इंजिन तेवढेच धडधडते, पण चाक मुंगीच्या पावलाने आणि अडीचपट जोराने फिरते. क्लचवरून पाय पूर्ण काढून घेता येतो.

पण या पेटीत एक मेख आहे, शब्दशः मेखच. पुढच्या चाकांचा दांडा टाकल्याशिवाय लोचा दांडा पडूच नये, अशी अडसर आतच बसवलेली असते. योजना करणाऱ्याचा हेतू स्पष्ट आहे : इतका जोर एकट्या मागच्या एक्सलवर येऊ नये, तो चारही चाकांत वाटला जावा. चिखलात, वाळूत, नाल्यात हे योग्यच आहे. सिमेंटवर मात्र तोच नियम अडचणीचा ठरतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठे वर्तुळ कापतात, म्हणजे त्यांना जास्त फिरावे लागते. पण या पेटीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना ताठ जखडलेले असतात. कमीजास्त फिरण्याची मुभा नसते. चिखलात चाक थोडे घसरून ही तफावत पचवते. कोरड्या, टणक जमिनीवर घसरण्याला वाव नसतो. मग ताण शाफ्टमध्ये, जॉइंटच्या क्रॉसमध्ये, दात्यांमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी आखडते आणि शेवटी दांडा ओढूनही निघत नाही. माझा मामेभाऊ ‘चारही चाके जोडली की ताकद जास्त’ या साध्या हिशेबाने ट्रॉली लावायला गेला, तेव्हा त्या गल्लीत हेच झाले. गाडी अडली, दांडा अडकला आणि हौदापाशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका उन्हात खोळंबल्या.

मामांनी काय केले, ते या लेखाचे निमित्त आहे. जीपच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर हाताने फिरवायचे हब बसवलेले होते. युद्धकाळातल्या जीपला ते नव्हते. युद्धानंतर, 1948 साली, अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी असे हब विकायला सुरुवात केली आणि पुढे ते जगभर पसरले. हब ‘लॉक’ केला की चाक आतल्या एक्सलला जोडले जाते. ‘फ्री’ केला की चाक आपले आपण फिरते, एक्सल त्याला हात लावत नाही. मामांनी गाडी थोडी पुढेमागे हलवून ताण उतरवला, खाली उतरून दोन्ही हब मोकळे केले आणि मग पुढचा दांडा टाकून लो घेतला. पेटीच्या दृष्टीने चारही चाके कामाला लागली होती. अडसर समाधानी होती. पुढचा शाफ्ट फिरत होता, एक्सल फिरत होता, पण ते फिरणे चाकापर्यंत पोहोचत नव्हते. ओढत होती ती फक्त मागची दोन चाके, लोच्या संथ जोराने. जीप न आखडता वळली आणि ट्रॉली हौदाला लागली.

अलंकारशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला इथे मोह होतो. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध. दांडा ‘चार चाके’ म्हणतो आणि चाकांपाशी तो अर्थ बाधित होतो, असे वर्गात सांगितले तर विद्यार्थी हसतील आणि लक्षातही ठेवतील. पण हा मोह मला संशयास्पद वाटतो, कारण तिथे आपण थांबतो आणि मामा थांबले नव्हते. नियमाचा शब्द पाळून त्याला बगल देता येते, एवढेच त्यांना ठाऊक असते तर ती नुसती हुशारी ठरली असती. नियम कशासाठी होता, हेही त्यांना ठाऊक होते. चौघांनी वाटून घ्यायचे ओझे आपण दोघांवर टाकले आहे, याची जाणीव त्यांच्या पायात होती. म्हणून त्या अवस्थेत ते ॲक्सिलरेटरला धक्का देत नसत. मागचे चाक खड्ड्यात अडले तर जोर न लावता उतरून दगड काढत. पाऊस पडून काळी माती चिकट झाली की हब आधी लॉक, मग पुढची गोष्ट. सातमाळ्याच्या उताराच्या मुरमाड वाटेवर तर मोकळ्या हबने लो कधीच नाही. उतारावर इंजिनचा आवर तेव्हा फक्त मागच्या चाकांना मिळतो, वजन पुढे गेल्यामुळे ती आधीच हलकी झालेली असतात, ती घसरतात आणि मागून ट्रॉली रेटत असते. ‘चाकं किती फिरतात ते बघू नको, वझं कोण घेतंय ते बघ,’ असे ते मामेभावाला म्हणाले.

या वाक्याकडे मी वारंवार वळतो, पण सुभाषित म्हणून नव्हे. ते एका विशिष्ट गल्लीत, विशिष्ट ओझ्यापुरते खरे आहे आणि त्याचे मोल त्या मर्यादेतच आहे. ते उचलून समाजव्यवस्थेला लावणे सोपे आहे : कोण फिरते, कोण ओढते, वगैरे. तसे लावले की मामा नाहीसे होतात आणि उरतो तो आपला आवडता निष्कर्ष, जो जीप नसतानाही आपल्यापाशी होताच. प्रतीक करण्याची घाई ही वाचनाची उत्सुकता वाटते. अनेकदा ती न वाचण्याची सवड असते.

शिवाय हे ज्ञान लिहिलेले कुठे आहे? शहरातल्या गॅरेजांत ते मराठी, दखनी आणि मोडक्या इंग्रजीच्या मिश्रणात बोलले जाते. हब, हाउसिंग, क्रॉस, जॉइंट. आपण या भाषेला अशुद्ध म्हणून बाजूला ठेवतो, आणि मग मराठीत तंत्राचे गद्य नाही अशी खंतही व्यक्त करतो. ते गद्य आहे, फक्त ते तेलकट हातांच्या माणसांच्या तोंडी आहे. आजच्या अनेक गाड्यांत पुढची चाके बटणावर आपोआप जोडली जातात. खाली उतरून हब फिरवावा लागत नाही, म्हणून तो मोकळा ठेवण्याचा विचारही करावा लागत नाही. ही सोयच आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. पण एका पिढीच्या हातातला निर्णय असा न लिहिताच विरून जातो. मामांचे गुडघे गेले, जीप विकली गेली आणि मामेभावाने ट्रॅक्टर घेतला.

माझ्या वर्गातली निम्मी मुले खेड्यांतून येतात. पाण्याचा पंप, मळणीयंत्र, ठिबकच्या नळ्या त्यांनी हाताळलेल्या असतात. निबंधात मात्र ती ‘यंत्रयुगातील माणसाचे एकाकीपण’ लिहितात, कारण गुण त्याला मिळतात, हे आपणच त्यांना शिकवले आहे. आता मी पहिल्या सत्रात एकच काम देतो : घरातली एखादी वस्तू कशी चालते, ते दोन पानांत लिहा, ती कशाचे प्रतीक आहे, ते लिहायचे नाही. गेल्या वर्षी एका मुलीने बोअरच्या मोटारीचा स्टार्टर लिहिला : व्होल्टेज कमी असताना तिची आई कानाने मोटार कशी ओळखते आणि जळण्याआधी ती कशी बंद करते. त्या दोन पानांत एकही उपमा नव्हती. वर्गात ती वाचली गेली तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘पण आवाज नेमका कसा बदलतो?’ तासाची घंटा झाली, तरी त्या प्रश्नाचे उत्तर चालूच होते.