दिल्लीहून गोरेगावला

मृणालताई गोऱ्यांशी मी कधी धड बोलले नाही. सभेला आईबरोबर जाऊन मागच्या सतरंजीवर पेंगणाऱ्या पोरींपैकी मी एक. तरी आज वस्तीत जे थोडंफार काम माझ्या हातून होतं, ते त्यांचं देणं आहे. त्या होत्या तोवर हे सांगायचं राहून गेलं.

आम्ही गोरेगाव पूर्वेला चाळीत राहायचो. विहार तलाव आरेच्या पलीकडे. १८६० पासून त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि आमच्याकडे पहाटे हंड्यांची रांग. मला ते पावसासारखंच वाटे. आलं तर आलं. याचा जाब कुणाला विचारता येतो, हेच ठाऊक नव्हतं. आईला ते ताईंमुळे कळलं. १९५७ साली गोरेगाव मुंबई महापालिकेत गेलं आणि १९६१ मध्ये ताई नगरसेविका झाल्या. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत आलेल्या, १९५८ साली नवरा गेल्यावर लहान मुलीला घेऊन त्याच कामात टिकून राहिलेल्या. झोपडी बेकायदा म्हणून तिथल्या माणसाला नळ नाही, हे त्यांनी कधी मानलं नाही. त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले ते यामुळे.

१९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. दुष्काळ होता, धान्य-तेल महाग झालेलं. अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी आणि ताईंनी पक्षभेद बाजूला ठेवून बायकांना रस्त्यावर आणलं. आई लाटणं घेऊन निघाली, तेव्हा वर्गातल्या मुली बघतील म्हणून मी दाराआड लपले होते. त्या लाटण्याच्या मोर्चाबद्दल पुढे पुस्तकात वाचलं, तेव्हा कुठे आईकडे नीट पाहिलं.

आणीबाणीत ताई आधी भूमिगत, मग तुरुंगात. १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही इंदिरा गांधींना टोमणा मारणारी घोषणा आमच्या चाळीत पोरांच्याही तोंडी होती. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी त्यांना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं आणि त्यांनी ते नाकारलं. मी कॉलेजात होते, मला हे वेडेपणाचं वाटलं. मोठं राजकारण दिल्लीतच होतं अशी माझी समजूत. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, “मग इथलं कोण बघणार?” मला ते उत्तर अडाण्याचं वाटलं होतं.

त्याचा अर्थ कळला गोरेगावजवळच्या दिंडोशीतल्या जमिनीमुळे. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्यातून सुटणारी जमीन कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळावी म्हणून ताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत कोर्टात गेले, नागरी निवारा परिषद उभी राहिली आणि अखेर तिथली ६२ एकर जमीन हाती आली. आईनेही घरासाठी नाव नोंदवलं होतं. तिला इंग्रजी येत नसे, म्हणून बैठकीला मी जायची. कलम वाचायचं, परिपत्रक मागायचं, अर्जावर पोच घ्यायची, हे मी तिथे शिकले. आधी कागद समजून घ्यायचा, घोषणा नंतर. वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या, माणसं कंटाळून गळाली. मीही गळाले असते, पण आई ऐकेना.

याच काळात, १९८५ नंतर, ताई पुन्हा विधानसभेत होत्या, विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भजल परीक्षेच्या नावाखाली मुली खुडल्या जात होत्या, त्याविरुद्ध त्यांनी विधेयक आणलं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. खासदारकीच्या अडीचेक वर्षांत झालं नसेल एवढं देशाचं काम त्यांनी इथे बसून केलं, असं मला वाटतं. कुणाला पटणार नाही.

आता आमच्या सोसायटीत कुणाचं पाण्याचं बिल अवाच्या सवा आलं की कागद माझ्याकडे येतो. मी आधी पोच दाखवा म्हणते, मग चिडतात.

ताई १७ जुलै २०१२ ला गेल्या. गोरेगावच्या उड्डाणपुलाला आता त्यांचं नाव आहे. चांगलंच झालं. पण आई असती तर म्हणाली असती, पुलाला कशाला, पाण्याच्या टाकीला द्यायचं!