कोंबड्या डालायची वेळ

इंग्लंडमधल्या रेडिंगला जूनच्या अखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात चार वाजायच्या आत. गावाकडे, पाटणला हाच फरक जेमतेम तासाभराचा. तिकडे दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन परड्यातून अंगणात येतात, घरची बाई त्यांना खुराड्यात घालते किंवा डालग्याखाली झाकते, वर दगड ठेवते आणि चुलीकडे वळते. वर्षभर वेळ जवळजवळ तीच. इथे ती रोज सरकत असते. डिसेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी पावणेचारला आईचा फोन येतो. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे सव्वानऊ वाजलेले असतात.

"कोंबड्या डालल्यास का गं?"

"आता निघालेच आहे, आई."

"आत्ता? हितं समदी निजली की!"

मग ती मागच्या दाराच्या कडीची चौकशी करते, आणि नातवंडांची त्यानंतर. मला त्यात काही वावगं वाटत नाही. मोरगिरीच्या बाजूला आमचं घर. कोंबडी म्हणजे तिकडे बाईच्या हातातला पैसा. अंडी विकून पोरांच्या वह्या यायच्या, जत्रेला कोंबडा कापला जायचा, पाहुणा आला तर रस्सा व्हायचा. एक तलंग गेली तर घरात सुतक असल्यासारखी शांतता असे.

आणि ती जायला तिकडे वाटाही पुष्कळ. दिवसा वरून घार, खालून मुंगूस. अंड्यांवर घोरपडीचा डोळा. रात्री रानमांजर, आणि कधी वाघरू. बिबट्याला आमच्याकडे तेच म्हणतात. खुराडं असायचं दगडमातीचं, दाराला एक फळी. एवढ्याशा फळीने कुणाला अडवलं असेल? अडवत होती ती माणसं. सोप्यात आजी तांदूळ निवडत बसलेली, अंगणात पोरं, उंबऱ्यात कुत्रं, बांधापलीकडे शेजारच्या काकी. घार उतरायला लागली की पहिली आरोळी काकींची असायची, आणि ती आरोळी कुणाच्या कोंबड्यांसाठी आहे हे कुणी विचारत नसे. आळीतल्या सगळ्या घरांतून माणसं हात वर करून ओरडत बाहेर यायची. राखण अशी चालायची.

रेडिंगमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सहा आमच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे कामावर, मुलं शाळेत. बागा मागच्या बाजूला, मध्ये सहा फुटी लाकडी कुंपण. कोंबड्यांनी कितीही आकांत केला तरी ऐकायला कोण आहे? म्हणून जे काम तिकडे चार घरच्या डोळ्यांनी होतं, ते इथे जाळीला आणि कडीला करावं लागतं. कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते, कारण लोक खर्च करतात शोभेच्या लाकडी घरावर आणि जाळी घेतात दुकानातली सर्वांत स्वस्त.

इथला मुख्य शत्रू लाल खोकड. ब्रिटनच्या शहरांत तो गेल्या शतकापासून मुरलेला आहे. भर दुपारी फुटपाथवरून निवांत चालत जातो. सहा फुटी कुंपण तो चढून येतो. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, खोकडाला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. हवी ती जाड तारेची, वेल्ड केलेली, 13 मिलिमीटर चौकोनांची जाळी. त्यातून उंदरालाही वाट मिळत नाही. शिवाय ही जाळी भिंतीपाशी संपवायची नाही, जमिनीवर बाहेरच्या अंगाला फूट-दीड फूट पसरून वर माती किंवा फरशी घालायची. खोकड भिंतीच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागतो, खाली जाळी लागते, आणि मागे सरकून उकरण्याचं त्याला सुचत नाही. वरचं छप्परही जाळीचंच. नुसता आकडा अडकवून भागत नाही, सरकणारी कडी हवी, तिला खिट्टी हवी. मार्च-एप्रिलमध्ये मादीला पिल्लं होतात. तेव्हापासून उन्हाळा लागेपर्यंत ती दिवसाही शिकार करते. त्या महिन्यांत मी कोंबड्यांना जाळीबाहेर एकटं सोडतच नाही. सोडते तेव्हा स्वतः बागेत असते.

खोकड खुराड्यात शिरला की एकीवर थांबत नाही, सगळ्या मारतो. म्हणून लोक त्याला क्रूर ठरवतात, विष घालण्याची भाषा करतात. हान्स क्रूक या प्राणीशास्त्रज्ञाने 1972 साली या वागण्यावर लिहिलं. मोकळ्या रानात एक पक्षी पकडेपर्यंत बाकीचे उडून जातात. पळूच न शकणारे पक्षी समोर आले की शिकाऱ्याचा मारण्याचा हात थांबत नाही, आणि खोकड तर उरलेलं पुरून ठेवणारा प्राणी आहे. त्यांना पळता येऊ नये अशी खोली आपण बांधलेली असते. तेव्हा तिचं दार नीट लावणं आपलंच काम, असं माझं ठाम मत आहे.

घार मात्र इथे निराळीच निघाली. आकाशात तिची सावली फिरली की माझ्या पोटात अजून गोळा येतो, पण रेडिंगवर घिरट्या घालणारी तांबडी घार मुख्यतः मेलेलं खाते. तिचे पंजे दुबळे असतात, पुरती वाढलेली कोंबडी तिला उचलता येत नाही. पिल्लं असतील तरच वरून जाळं लावायचं. एकेकाळी ही घार इंग्लंडमधून मारून संपवली होती, मध्य वेल्समध्ये थोड्या जोड्या उरल्या होत्या. 1989 ते 1994 या काळात स्पेनमधून पक्षी आणून आमच्या जवळच्या चिल्टर्न टेकड्यांमध्ये सोडले, आणि आता आमच्या छपरांवर त्या डझनांनी दिसतात. त्या शहरात येतात त्या लोक बागेत मांस टाकतात म्हणून. रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं आहे. शंभरातली चार-पाच घरं त्यांना खाऊ घालतात असं त्यांना आढळलं. आमच्या उजव्या हाताचं घर त्यांतलंच. तिथल्या बाई गवतावर मांसाचे तुकडे टाकायच्या, खाली पडलेल्या तुकड्यांवर रात्री खोकड यायचा, आणि तिथून आमचं कुंपण दोन पावलांवर.

त्याच बाईंची आमच्याविरुद्धही तक्रार होती: तुमच्या कोंबड्यांमुळे उंदीर येतात. दोघींचंही म्हणणं खरं होतं. कोंबड्यांना उंदीर भीत नाहीत, सांडलेल्या दाण्यांना भुलतात. चिठ्ठ्यांची देवाणघेवाण पुरे झाली असं वाटून मी एका रविवारी त्यांच्या दारात गेले. दाणे पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, भांडी संध्याकाळी घरात, खत दर आठवड्याला बाहेर, हे मी कबूल केलं. त्यांनी मांस बंद केलं. उंदीर कमी झाले, खोकडाच्या फेऱ्याही. आम्ही भारतात येतो तेव्हा दार आता त्याच लावतात. बॅटरीवर चालणारं, उजेड ओळखून मिटणारं दार आम्ही बसवलं आहे, ते हिवाळ्यात फार उपयोगी पडतं. पण एखादी कोंबडी बाहेर राहिली आहे का, हे त्या दाराला कळत नाही.

इथला कायदा अशा शेजारधर्माला थोडी जागा ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात माणशी आठवड्याला एकच अंडं मिळायचं, म्हणून लोकांनी परसात कोंबड्या पाळल्या. अंड्यांवरचं रेशनिंग 1953 साली उठलं, पण 1950 च्या अलॉटमेंट्स कायद्यातलं 12 वं कलम अजून आहे. घराच्या कागदपत्रांत मनाई लिहिलेली असली तरी धंद्यासाठी नव्हे, घरापुरत्या कोंबड्या पाळण्याची मुभा ते देतं. दोन अटींवर: शेजाऱ्यांना उपद्रव होता कामा नये, आणि कोंबडा त्यात येत नाही. कोंबडा आणू नये हे माझंही म्हणणं. जूनमध्ये इथे पहाटे चारलाच उजाडायला लागतं. आरवण्यावर गावाचा दिवस सुरू होतो तिथे कोंबडा शोभतो. फ्रान्समध्ये ओलेरॉन बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी कोर्टात गेले होते. सप्टेंबर 2019 मध्ये निकाल मॉरिसच्या बाजूने लागला आणि जानेवारी 2021 मध्ये खेड्यातल्या आवाजांना आणि वासांना वारसा मानणारा कायदा तिथे झाला. मला तो निकाल आवडला, पण तो खेड्यासाठी आहे. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत पहाटेची झोप शेजाऱ्याच्या हक्काची आहे.

आमच्या लोकांना सर्वांत जड जातो तो खाण्याचा नियम. तिकडे उरलेली भाकरी, भाताची शितं कोंबड्यांची. इथे ज्या स्वयंपाकघरात मांस, अंडी, दूध येतं, तिथलं काहीच त्यांना घालता येत नाही. 2001 च्या लाळ्या-खुरकताच्या साथीनंतरचा हा नियम घरच्या कोंबड्यांनाही लागू आहे. भाजीचा पाला घालायचा तर बागेतून थेट. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून एक कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे. बर्ड फ्लूच्या लाटेत 7 नोव्हेंबर 2022 ते 18 एप्रिल 2023 पर्यंत सगळ्यांना कोंबड्या बंदिस्त ठेवाव्या लागल्या. 2006 साली आपल्या नवापुरात लाखो कोंबड्या मारल्या गेल्या, ते ज्यांना आठवतं त्यांना ही काळजी समजावून सांगावी लागत नाही.

पाटणकडे हल्ली गेले की मला वेगळीच काळजी वाटते. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील आमच्याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. मुंबईला जाऊन पाठीवर ओझी वाहणं हा तिकडच्या किती घरांचा इतिहास आहे. आता उरलेलेही पुण्या-मुंबईला गेले. आळीत दिवसा दोन-तीन म्हातारी माणसं. कोयना आणि चांदोलीचं रान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, रान जपलं गेलं, हे चांगलंच झालं. पण घार आली म्हणून ओरडायला पोरं राहिली नाहीत, आणि काकींनी कोंबड्या जवळजवळ सोडल्या. दगडमातीचं खुराडं आणि एक फळी आता तिकडेही पुरणार नाही. पक्की जाळी, वरून झाकण आणि खिट्टीची कडी ही तिकडचीही गरज झाली आहे. परदेशात असलेल्यांनी घरी पैसे पाठवताना एवढा खर्च जरूर करावा. म्हातारीला कोंबड्या सोबत करतात आणि तिच्या हातात चार पैसेही राहतात.

आणि इकडे कोंबड्या आणायच्या विचारात असाल तर आधी शेजारच्या घराची बेल वाजवा. जाळी त्यानंतर घ्या, पण 13 मिलिमीटरचीच.