भिडू गप्प असला तरी…

लग्नाला ३२ वर्षं झाली. शेजारच्या जोडप्याबरोबर दर शनिवारी ब्रिजचा डाव रंगतो, तिथेही हेच माझे भिडू! पूर्वी माझी बोली ठरलेली, 'पास'. हातात १२-१३ गुण नसले तर तोंड उघडायचं नाही, हे यांनीच शिकवलेलं.

एकदा उजवीकडून 'एक बदाम' आलं. मी पास. डावीकडून 'दोन बदाम'. समोरून यांचा पास, मग उजवीकडूनही पास. आता मीही पास म्हटलं की बोली संपली! माझ्याकडे इस्पिकची पाच पानं, गुण जेमतेम ९. पण मनाशी हिशोब केला. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. साऱ्या पत्त्यांत मिळून ४०. ते दोघं दोनवरच थांबले, म्हणजे त्यांचे फार तर २०-२२. मग उरलेले कुठे गेले? यांच्याच हातात की! धीर करून म्हटलं, "दोन इस्पिक."

यांनी उत्साहाने चार केले नि आम्ही सपशेल बुडालो! रात्री निजेपर्यंत अबोला. शेवटी मीच म्हटलं, "अहो, तुमचे गुण मी आधीच मोजले होते. तुम्ही पुन्हा कशाला मोजलेत?"

गेल्या वर्षी लेकीला परगावी नोकरी लागली. घरात जो तो नको म्हणत होता. हे मात्र गप्प. पण गप्प भिडूचा हात रिकामा नसतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ती जाईल."

सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे हसून म्हणाले, "पास."