जुन्या जीपचे स्टिअरिंग: सुधारणेचा क्रम

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपची स्टिअरिंगची रचना युद्धानंतरच्या नागरी (सीजे) जीपगाड्यांनी थोड्याफार फरकाने तशीच उचलली आणि १९४९ पासून मुंबईत महिंद्रने जोडलेल्या, पुढे येथेच बनवलेल्या गाड्यांमध्येही ती उतरली. आज हौशी मालकांनी जपलेली सीजे-३बी हाती घेतली की पहिली तक्रार बहुधा स्टिअरिंगचीच असते: चाक जड जाते, किंवा सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरत राहावी लागते. या तक्रारीवर थेट पॉवर स्टिअरिंग बसवून घेण्याकडे कल असतो. परंतु स्टिअरिंग ही अनेक सांध्यांची साखळी असल्यामुळे सुधारणा चाकांकडून सुरू होऊन स्टिअरिंगच्या गिअरपेटीकडे यावी लागते, उलट क्रमाने गेल्यास नवी पेटी जुन्याच ढिलाईला अधिक जोराने ढकलते.

मूळ पेटी रॉस पद्धतीची आहे. तिच्यात स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला मळसूत्रासारखी खाच असलेला कॅम असतो आणि आडव्या शाफ्टवरील निमुळत्या टोकाच्या दोन खुंट्या त्या खाचेत घासत सरकतात. दांडा फिरला की खुंट्या पुढे-मागे होतात, शाफ्ट वळतो आणि त्याच्या बाहेरील टोकावरचा पिटमन आर्म, म्हणजे पुढच्या दांड्यांना ढकलणारा हात, हलतो. हातातील चाक १२ ते १४ अंश फिरते तेव्हा हा आर्म १ अंश फिरतो. गाडीचा बहुतेक प्रवास सरळ दिशेने होत असल्याने खाच मधोमध जास्त झिजते आणि टोकांना जवळजवळ नवी राहते, म्हणून मधला प्ले काढण्यासाठी बाजूच्या झाकणावरील स्क्रू जास्त आवळला की वळणाच्या टोकाला पेटी अडकू लागते. याहून वाईट सवय म्हणजे गळती थांबावी म्हणून पेटीत घट्ट ग्रीस भरणे. खुंटीने बाजूला सारलेले ग्रीस खाचेत परत वाहून येत नाही, त्यामुळे पेटी भरलेली दिसते आणि घासणारी जागा मात्र कोरडी राहते. येथे गिअर ऑइलच हवे आणि गळतीवर उपाय नवे सील हाच आहे.

पिटमन आर्मपासून पुढे जाणारा ड्रॅग लिंक गाडीच्या लांबीच्या दिशेने जाऊन बेल क्रँकला मिळतो. बेल क्रँक हा खिळीवर फिरणारा कोनाकृती तुकडा काही मॉडेलांत अ‍ॅक्सलवर, तर काहींत चॅसीच्या आडव्या पट्टीवर बसवलेला असतो आणि तो पुढे-मागे होणारी हालचाल डाव्या-उजव्या हालचालीत बदलून टाय रॉडकडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याकडे, देतो. या गाड्यांत पुढच्या पाट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी, पुढे आणि स्थिर टोक मागे असल्यामुळे खड्ड्यात अ‍ॅक्सल वर उचलला जातो तेव्हा तो मागच्या टोकाभोवती कमान घेतो. अ‍ॅक्सलवरील बेल क्रँकच्या मांडणीत ड्रॅग लिंकही बऱ्याच अंशी तशीच कमान घेतो, म्हणून खड्ड्यामुळे आपोआप चाक वळण्याचा दोष, ज्याला बम्प स्टिअर म्हणतात, कमी राहतो. ही मांडणी साध्या साधनांतून साधलेली विचारपूर्वक रचना आहे, आणि तिला जुनाट ठरवून मोडीत काढण्याची घाई तिच्यावर अन्याय करणारी आहे.

ढिलाई नेमकी कोठे आहे हे शोधण्यासाठी चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेसे हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली पडून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही भागांवर एकदम बोटे टेकवावीत. एक भाग हलला आणि दुसरा उशिरा हलला की झीज बोटांना तत्काळ कळते. बेल क्रँकची खीळ, टाय रॉडची टोके आणि किंगपिन, म्हणजे जिच्यावर चाकाचे नकल वळते ती खीळ, या तीन ठिकाणी दोष बहुधा सापडतो, आणि किंगपिनच्या बेअरिंगमधील शिम बदलून ताण नीट बसवला की पुढच्या चाकांचे थरथरणेही पुष्कळदा थांबते.

एवढे करूनही चाक जडच राहत असेल, विशेषतः मूळ ६.००-१६ ऐवजी रुंद टायर घातले असतील, तर पेटी बदलण्याचा प्रश्न येतो. जीपची तेव्हाची निर्माती कंपनी अमेरिकन मोटर्सने १९७२ पासून सीजे गाड्यांत सॅगिनॉ पेटी दिली आणि तीच पुढे जुन्या गाड्यांवर बसवण्याची रीत रूढ झाली. भारतात बोलेरोची पॉवर पेटीही वापरली जाते. सॅगिनॉच्या पेटीत मळसूत्र आणि त्यावरील नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या लोळत फिरत राहतात, त्यामुळे घर्षण सरकण्याऐवजी लोळण्याचे होते. तिच्या हाताने चालणाऱ्या एका प्रकाराचे प्रमाण २४ ला १ आहे, म्हणून जोर जवळजवळ निम्मा लागतो, पण चाक तितकेच जास्त फिरवावे लागते. ती पुढच्या बाजूस बसत असल्याने दांड्याला युनिव्हर्सल जॉइंट द्यावे लागतात, आणि दोन्ही जॉइंट एकाच दिशेत जुळवले नाहीत तर चाक एका फेरीत दोनदा हलके आणि दोनदा जड लागते. ड्रॅग लिंक आता आडवा जातो. तो टाय रॉडला शक्य तितका समांतर ठेवला नाही तर मूळ रचनेने टाळलेला बम्प स्टिअर परत येतो.

खरी जोखीम चॅसीची आहे. पेटी चाकांना ज्या जोराने ढकलते त्याच जोराने ती चॅसीला उलट ढकलते, आणि जुन्या जीपची पुढची पट्टी या जागी असा भार घेण्यासाठी बनलेली नसल्याने आतून मजबुती आणि समोरच्या पट्टीपर्यंत आधार दिला नाही तर बोल्टच्या भोकांपासून तडे जातात. पॉवर स्टिअरिंगमध्ये, जेथे पंपाने दाबलेले तेल चालकाच्या जोरात भर घालते, हा भार कैक पटींनी वाढतो. शिवाय २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी केलेल्या नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच पात्र मानली आहे, चॅसीतील फेरबदल त्यात बसत नाही. म्हणून अशा नोंदणीस योग्य असलेल्या गाडीची रॉस पेटी नव्या खुंट्या आणि सील घालून दुरुस्त करणे हाच योग्य मार्ग आहे, आणि पेटीबदल ज्या गाड्यांचे मूळ रूप आधीच गेले आहे त्यांच्यापुरता ठेवावा.

कोणताही मार्ग निवडला तरी शेवटी चाकांचे कोन तपासावे लागतात. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ३ अंश असावा. त्यामुळेच वळणानंतर चाक आपणहून सरळ होते. लांब शॅकल घालून गाडी उंच केली असल्यास हा कोन घटतो आणि तो परत मिळवण्यासाठी पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये धातूची पाचर घालावी लागते. टो-इन, म्हणजे टायरांमधील पुढचे अंतर मागच्यापेक्षा जितके कमी असते ते, १.२ ते २.४ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवावे. त्यानंतर एक चाक उचलून पाटा पूर्ण दाबलेल्या स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ड्रॅग लिंक, टायर आणि ब्रेकचा होज कोठे घासत तर नाहीत हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.