फ्यूजची हजेरी

माझ्या धाकट्या भावाची जीप जुनी आहे, एवढेच म्हटले तर तिच्यावर अन्याय होईल. १ मे १९९९ रोजी परभणीतून आमचा हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हाच ती दुसऱ्या मालकाच्या घरी नांदत होती. भावाकडे आली ती तिसऱ्या घरी. तिच्यावरच त्याचे घर चालते. दिवसा सवारी, सुगीत सोयाबीनची पोती, आणि अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री दवाखाना.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यापासून तिच्या दिव्यांचा फ्यूज उडू लागला. नवा घातला की चार दिवस बरे, मग पुन्हा अंधार. आता डिझेलची जुनी जात मोठी मानी. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली जे इंजिन चालवून दाखवले, त्यात हवाच इतकी दाबतात की तापलेल्या हवेत तेल आपोआप पेट घेते. एकदा सुरू झाली की अशी जुनी गाडी विजेवाचून चालत राहते. म्हणजे फ्यूज उडाला तरी जीप थांबत नाही. ती आंधळी होऊन धावते. थांबली असती तर बरे, असे मला त्या दिवसांत फार वाटे.

भाऊबीजेला तो आईला घेऊन वसमतला मला न्यायला आला. मागे आम्ही सात माणसे दाटीवाटीने बसलो. औंढा नागनाथ मागे पडले, दिवस मावळला, त्याने दिवे लावले. थोड्या वेळाने रबर जळल्याचा वास आला. पुढे बसलेली आई म्हणाली, "अरे, माझ्या पायाशी धूर कशाचा?" भावाने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, पाना काढून अंधारातच बॅटरीची तार सोडवली. धूर विरला. आईच्या लुगड्याच्या काठाला काजळी तेवढी लागली.

खोदून विचारले तेव्हा कळले. रोज फ्यूज कुठून आणायचा, म्हणून या शहाण्याने त्याजागी तांब्याच्या तारेचा पीळ बसवला होता! फ्यूज बिचारा स्वतः वितळून बाकीच्या वायरी वाचवतो. त्याला काढून जाड तार लावायची म्हणजे भुंकतो म्हणून राखणीचे कुत्रे सोडून देण्यासारखेच. मी तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, तीन ठिकाणी दाखवली गं. सगळे म्हणतात, काही दोष नाही."

मी शिकले दहावीपर्यंत आणि लिहिते कादंबऱ्या. विजेतले मला काय कळणार? पण मास्तरीण आहे, हजेरी मांडता येते. शाळेची एक कोरी वही त्याला दिली आणि बजावले, खरा फ्यूजच घालायचा, आणि उडाला की वार, वेळ, रस्ता, माणसे किती, पोती किती, सगळे लिहायचे. कुरकुरत का होईना, त्याने लिहिले. महिन्याभरात सहा फ्यूज गेले. वही वाचली तेव्हा दिसले की सहाही वेळा रात्र होती, दिवे चालू होते आणि गाडी भरलेली होती. रिकामी असताना एकदाही नाही. दुरुस्तीला मात्र तो दर वेळी रिकामी गाडी नेत होता!

वही घेऊन आम्ही हिंगोलीच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडे गेलो. चाचांनी चष्मा पुसून सगळी पाने वाचली. म्हणाले, "पुढचे दोन दिवे साठ-साठ वॅटचे. बॅटरी बारा व्होल्टची. दहा अँपिअर झाले. मागचे धरून बारा-तेरा. फ्यूज वीसचा. बाई, भार जास्त नाही, वायर कुठेतरी लोखंडाला टेकते."

त्यांनी दिव्यांचे सगळे बल्ब काढले, फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडून माझ्या हातात दिला आणि दिव्यांचे बटण ओढले. बल्ब विझलेला. गाडीतून वीज कुठेच जात नव्हती. मग त्यांनी गल्लीतल्या पोरांना हाक मारली. दहा-बारा पोरे मागे चढली आणि सांगितल्याबरोबर उड्या मारू लागली. माझ्या हातातला बल्ब लख्ख पेटला! पोरे उतरली, विझला. पोरांना तो खेळच वाटला. ती पुन्हा पुन्हा चढू लागली.

चाचा गाडीखाली शिरले. मागच्या दिव्यांची वायर चेसिसच्या भोकातून जाते, तिथले रबर कधीचे गळून पडले होते. ओझ्याने पाटे दबले की वायर ताणून भोकाच्या धारेवर बसे; घासून घासून आतले तांबे उघडे पडले होते. चाचांनी नवी वायर घातली, भोकात रबर बसवले, वायर जागोजाग बांधली. शिवाय पुढच्या आणि मागच्या दिव्यांना वेगवेगळे फ्यूज दिले, म्हणजे एक गेला तरी दुसरा वाट दाखवील. मजुरी इतकी थोडी सांगितली की भाऊ दुसऱ्यांदा विचारून बसला. पोरांना मी चुरमुऱ्याचे लाडू वाटले.

गेल्या भाऊबीजेला ओवाळले तेव्हा भावाने तबकात नोटेबरोबर काचेचा एक फ्यूज ठेवला. जळलेला, वहीतला सहावा. आईने तो उचलून दिव्यासमोर धरला आणि विचारले, "हे कुठले रे नवीन नाणे?"