चिन्नोरच्या पेंढ्याचा कुंचला

नाताळात गव्हाणीचे चित्र संगणकावर काढावयाचे, तर पेंढा कोठला घ्यावा? 'क्रिता' ह्या विनामूल्य चित्रप्रणालीत तयार कुंचले पुष्कळ. परंतु त्यांतले गवत आमच्या बालाघाटचे नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याच भाताच्या पेंढ्याची जुडी आम्ही काळ्या शाईत बुडवून पांढऱ्या कागदावर उमटविली आणि ठशाचे छायाचित्र कुंचल्याचे टोक म्हणून संगणकात घातले.

वाचकहो, असा कुंचला म्हणजे मुळात शिक्काच! रेघ ओढावी तसतसा तो ठराविक अंतराने पुन:पुन्हा उमटतो. अंतर वाढले की ठसे सुटे दिसतात, घटले की सलग रेघ होते. मात्र सगळे ठसे हुबेहूब एकसारखे पडले तर तो पेंढा कसला, ते छापील चीटच! म्हणून प्रत्येक ठसा थोडा वळावा, थोडा लहानमोठा व्हावा, अशी योजना करावी लागते. लेखणीच्या दाबाने रंग गडद वा फिका होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) ह्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली व त्यापायी टीका सोसली. आम्ही तर केवळ पेंढा बदलला! आता मुलांना गोठ्याचे खांबही इथल्याच बांबूचे हवेत. पेराचा ठसा वाळत घातला आहे.