काठावरचं कालवण

बाजारातून आणलेला शिंगटा आणि आपल्या गळाला लागलेला शिंगटा यांची चव एक नसते. नदी तीच असेल, जातही तीच असेल, तरी नसते. पाटीत पडलेल्या माशाचं वजन कळतं, कल्ला उचलून पाहिला तर ताजेपण कळतं. तो कुठल्या पाण्यातून आला हे मात्र कळत नाही. आणि शिंगट्याचं सगळं पाण्यावरच असतं.

हा तळाला राहणारा मासा. अंगावर खवलं नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या. गढूळ पाण्यात डोळे फारसे कामाचे नसतात, तिथे या मिशा वाट काढतात. चव ओळखणाऱ्या कळ्या त्याच्या तोंडात असतातच, मिशांवर असतात आणि कातडीवरही पसरलेल्या असतात. सबंध अंगाने नदी चाखत फिरणारा हा जीव, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. भीमेच्या खोऱ्यात त्याचं गणगोत मोठं: लांब तोंडाचा शिंगाळा, हातभरही न होणारी शिंगटी, बुटका घोगरा. मुंबईच्या फौजेतल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा या तिघांच्या शास्त्रीय नावांत इथल्या लोकांच्या तोंडची नावंच बसवली. ती आजही जगभरच्या पुस्तकांत आहेत.

त्याच्याही किती आधीपासून या मुलखात गळ टाकला जातोय! कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला, त्यात मासेमारीच्या करमणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. काठी कशी असावी, दोर कसा, गळ कसा, कुठल्या माशाला काय चारावं, हे सगळं राजाने बारकाईने सांगितलं आहे. स्वयंपाकाच्या भागात मासा चिंचेच्या पाण्यात शिजवायलाही सांगितला आहे. हे वाचलं त्या दिवशी आमच्या मामीचं पातेलं मला फार जुनं वाटायला लागलं.

आमचं गाव भीमेच्या काठी, सिद्धटेकच्या बाजूला. उजनीचं धरण भरलं की फुगवट्याचं पाणी आमच्या अंगाला चढतं आणि उन्हाळ्यात उतरत उतरत चिखलाचे पट्टे उघडे टाकून जातं. मला गळ टाकायला भोई आळीतल्या तात्यांनी शिकवलं. शिंगट्यासाठी तरंगता गळ उपयोगाचा नाही. तंगुसाला शिसाचा गोळा बांधायचा, गळाला जाडसर गांडूळ ओवायचं आणि आमिष तळाला टेकू द्यायचं. वेळ दिवस बुडतानाची, नाहीतर त्यानंतरची. शिंगटा आधी नुसता ढोसतो. तेव्हा ओढलं तर रिकामा गळ हाती येतो. “त्याला खाऊ दे. मग त्योच सांगतो,” असं तात्या म्हणत. आणि तो सांगतोच. काठी एकदम खाली वाकते.

बाहेर काढल्यावर खरी परीक्षा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे त्याला तीन काटे असतात. धोका वाटला की ते ताठ उभे राहतात आणि तिथेच अडकून बसतात, म्हणजे बगळ्याला किंवा मोठ्या माशाला तो सहजी गिळता येत नाही. काट्यांच्या कडा करवतीसारख्या, कातडीत विषाच्या बारीक ग्रंथी. हातात घेतला की करकर असा आवाज येतो. कल्ल्यामागच्या काट्याचं मूळ खोबणीत घासून तो ओरडतो. “वरनं धरू नगंस, काट्याच्या म्हागनं दोन बोटं घाल,” हे तात्यांचं वाक्य माझ्या हाताला पाठ आहे. काटा लागला तर कळ पार कोपरापर्यंत जाते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं हा आमच्याकडचा उपाय आणि तो बरोबर आहे. उष्णतेने त्या विषाचा जोर जातो.

मारायचा तो लगेच. डोक्यावर एकच नीट घाव. काठावर तडफडत ठेवलेला मासा मला बघवत नाही, आणि त्याचं मांसही बिघडतं. ज्याला हे करवत नाही त्याने गळ टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतः धरलेल्या माशात हा घाव येतोच. तो टाळता येत नाही आणि टाळू नये. त्या दिवशी ताटात काही टाकलं जात नाही, ते त्यामुळेच.

मग साफ करणं. पकडीने तिन्ही काटे मोडायचे. चुलीतली चाळलेली राख अंगभर चोळायची, कारण कातडीवरचा बुळबुळीतपणा नुसत्या पाण्याने हलत नाही. राखेने तो गोळा होऊन हाताला येतो आणि खालून करडी-रुपेरी कातडी उघडी पडते. पोट फाडताना पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. कल्ले काढायचे, कण्यालगतचं काळपट रक्त नखाने खरवडायचं आणि पाणी निवळ येईपर्यंत धुवायचं. डोकं टाकायचं नाही. रश्श्याचा जीव डोक्यात असतो.

नदीच्या तळच्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी तक्रार समुद्राची मासळी खाणारी माणसं करतात. तक्रार खोटी नाही. मातीतले काही जिवाणू आणि पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते कल्ल्यांतून माशाच्या अंगात शिरतं आणि चरबीत साठतं. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, तो बराचसा याच द्रव्याचा. जमिनीवर ज्याच्यासाठी जीव आसुसतो तेच ताटात नको होतं! आंबट पदार्थाने मात्र ते मोडतं. म्हणून तुकड्यांना मीठ-हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून अर्धा तास ठेवायचे. मामीला जिओस्मिन ठाऊक नव्हतं, पण कोळाशिवाय तिने शिंगटा कधी पातेल्यात टाकला नाही.

कालवणाला कांदा निखाऱ्यात भाजलेला हवा, वरची सालं काळी पडेपर्यंत. सुकं खोबरं खरपूस भाजून, लसूण, आलं, कोथिंबीर, सगळं पाट्यावर बारीक. तेल जरा हात सैल सोडून. वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, मग घरचं काळं तिखट आणि वरून गरम पाणी. गार पाणी घातलं तर कट वर येत नाही. रस्सा खळखळला की कोळ, पाठोपाठ डोकं आणि तुकडे अगदी शेवटी. त्यानंतर पळी घालायची नाही. पातेलं दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं, कारण हे मांस मऊ, पळीने त्याचा चुरा होतो. शेपटीकडच्या तुकड्या ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर.

जेवण काठावरच. बाजरीची भाकरी रश्श्यात कुस्करायची, तुकडा बोटाने दाबला की पांढरं मांस कण्यापासून आपोआप सुटतं. रोहूसारखे मांसात लपलेले दुहेरी काटे इथे जवळजवळ नसतातच, त्यामुळे घरातल्या लहान पोराला पहिला मासा शिंगट्याचाच भरवतात. डोकं मोठ्या माणसाच्या ताटात जातं. ते हातात घेऊन, हाडाहाडातून ओढून, सावकाश खायचं. तिथे बोलणं बंद होतं.

हे सगळं आता मी घोड नदीच्या अंगाला जाऊन करतो, भीमेवर नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि उजनीत साठतं. फुगवट्यातलं पाणी उन्हाळ्यात हिरवंगार होतं, तेव्हा त्यातल्या शिंगट्याचा वास कितीही कोळ घातला तरी जात नाही. जाळ्यात चिलापीच फार येते. त्यात थाई मागूर. आफ्रिकेतून आलेला हा खादाड मासा तळ्यांतून निसटला की नदीतल्या बारक्या जाती फस्त करतो. त्याच्या पालनावर बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यातले साठे नष्ट करायलाही सांगितलं. तरी तो चोरून पाळला जातोच. सोमेश्वराने ज्या मुलखात गळाची विद्या लिहून ठेवली, तिथे गळाला लागलेला मासा हुंगून बघायची वेळ यावी, याचा मला राग येतो.

तुमच्या गावाजवळ स्वच्छ ओढा किंवा डोह उरला असेल, तर दिवाळीनंतर एक संध्याकाळ तिथे जरूर घालवा. वीतभर शिंगटी गळाला लागली तर परत सोडा. आणि मृगाच्या पावसात फुगलेल्या पोटाची मादी आली, तर ती कितीही मोठी असो, गळ अलगद काढून तिला पाण्यात जाऊ द्या; तिची अंडी अजून पडायची असतात.